रात्री घरी झोपणाऱ्या रुग्णाची कायमस्वरूपी नोंद

प्रति,
मा. वसाहत अधिकारी (श्री. वसंतराव केंजळे),
वसाहत व कल्याण कार्यालय,
केंद्रीय यंत्रभांडार कर्मचारी वसाहत,
आवडी, चेन्नई.

अर्जदार: देवेश अरुण हिर्लेकर, वय २१, निवास क्र. सी-४७.

विषय: वडिलांच्या कुटुंब तपशील पत्रकात माझ्या नावापुढे लाल शाईने लिहिलेला 'कायमस्वरूपी मानसिक अपंगत्व' हा शेरा रद्द करून तसा दाखला ३१ जुलैपूर्वी मिळणेबाबत, आणि न मिळाल्यास त्या शेऱ्याचे परिणाम सर्वांना सारखेच लागू करणेबाबत.

संदर्भ: १) माझे इंग्रजी अर्ज, दि. ४ मे, १८ मे, ८ जून व २२ जून २००९.
२) आपले उत्तर, दि. २९ जून २००९ (माझ्या अर्जाला, वडिलांच्या नावे).
३) मराठी स्नेहवर्धक मंडळ, आवडी, यांचे निवडणूक कार्यवृत्त, दि. १८ जानेवारी २००९.

महोदय,

१. वरचा विषय वाचताच आपण हा कागद नेहमीप्रमाणे शशिकलाबाईंच्या टेबलाकडे सरकवाल, म्हणून आधीच नमूद करतो की अर्ज मराठीत आहे आणि बाईंना मराठी येत नाही. आपल्या कार्यालयात मराठी वाचता येणारी व्यक्ती एकच आहे, आणि ती म्हणजे आपण. माझे आधीचे चार अर्ज इंग्रजीत होते. ते आपण न वाचताच निकाली निघाले, हे मला उत्तरांवरून कळले. गेल्या गणपतीत मंडळाच्या व्यासपीठावरून आपण म्हणाला होतात की मद्रासेत राहून मराठी माणसाने मराठी माणसाला इंग्रजीत लिहावे याची लाज वाटली पाहिजे. तो अपराध माझ्या हातून चार वेळा घडला. पाचव्यांदा घडू देत नाही.

२. आपण मला ओळखता. सी-४७ आणि आपला बंगला यांच्यामध्ये एक कडुलिंब आणि एक पाण्याची टाकी आहे. १९९६ पासून मी आपल्याला वसंतकाका म्हणत आलो. या अर्जात ते संबोधन वापरलेले नाही, कारण कायमस्वरूपी मानसिक अपंग व्यक्तीने लावलेले नाते कितपत ग्राह्य धरावे याबद्दल कार्यालयाने अद्याप काही कळवलेले नाही.

३. आजाराची हकीकत कार्यालयाला थोडक्यात लागते, म्हणून थोडक्यात सांगतो. अंबत्तूरच्या एका वर्कशॉपमध्ये मी सव्वा वर्ष लेथवर होतो. नोव्हेंबर २००८ मधल्या एका सकाळी उठलो नाही. दुसऱ्या दिवशीही उठलो नाही, आणि मग तीच वहिवाट पडली. आई (सौ. अलकनंदा) ताट उशाशी ठेवून जाई. घास उचलायला कोणाची परवानगी लागते तेच मला आठवत नसे. असे नऊ आठवडे गेले. त्या काळात माझ्या दोन आंघोळींमध्ये गेलेला सर्वात कमी अवधी चार दिवसांचा आहे. १२ जानेवारी २००९ रोजी वडिलांनी मला पेरंबूरच्या डॉक्टरांकडे नेले. यात विनोदी काहीही नाही, म्हणून परिच्छेद इथेच संपवतो.

४. डॉक्टरांनी सांगितले की याला दाखल करायची गरज नाही, पण पंधरा दिवसांतून एकदा गोळ्या लिहून देऊनही भागणार नाही. मधला मार्ग आहे. आठवड्याचे पाच दिवस, सकाळी दहा ते एक, बारा आठवडे केंद्रात यायचे, आणि दुपारी घरी जाऊन आपल्या ताटात जेवायचे, आपल्या गादीवर झोपायचे. त्याप्रमाणे २ फेब्रुवारीपासून मी जाऊ लागलो. केंद्र म्हणजे एका दुमजली घराचा वरचा मजला. गोलात मांडलेल्या आठ प्लॅस्टिकच्या खुर्च्या, त्यांवर सोळा ते चोवीस वयाचे आम्ही आठ जण, आणि नवव्या खुर्चीवर समुपदेशक कनकाबाई. रोज सुरुवातीला प्रत्येकाने एक ते दहापैकी आपला आजचा आकडा सांगायचा. एक म्हणजे बोलण्याचीही इच्छा नाही. दहा म्हणजे कोणी विश्वास ठेवणार नाही. पहिल्या दिवशी मी दोन सांगितला, आणि त्यातला एक सौजन्य म्हणून वाढवलेला होता. बाकी तिथे कोण काय बोलले ते लिहीत नाही. तसा आमचा आपसात शब्द आहे आणि तो आठही जण पाळतात. त्यातल्या दोघांना तर सतरावे पुरते सरलेलेही नाही, तरी पाळतात. आपल्या कार्यालयाच्या गोपनीय कपाटाला दोन कुलपे आहेत, तरी जे झाले ते पुढे येतेच.

५. आपल्याच परिपत्रकाप्रमाणे सकाळच्या वेळात वसाहतीबाहेर जाणाऱ्या अवलंबितांनी फाटकावरच्या वहीत कारण लिहायचे असते. मी पहिल्या दिवशी 'उपचार' असे लिहिले. रखवालदाराने कसला म्हणून विचारले. मी कपाळावर बोट ठेवले. तो म्हणाला, कीळपाक्कम? पुण्यात येरवडा म्हणतात तसे या शहरात कीळपाक्कम म्हणतात. मी म्हटले, पेरंबूर. त्याने मान हलवली आणि कीळपाक्कम लिहिले. वही टेबलावर उघडी असते. दूधवाला, इस्त्रीवाला आणि मंडळाच्या महिला विभागाच्या चिटणीस यांना तिथे सही करावी लागते. तेव्हा बारा आठवड्यांत बासष्ट जणांनी माझा पत्ता वाचला. त्यातले एकही माणूस पेरंबूरला आले नाही, एवढाच त्या चुकीचा फायदा.

६. आता मूळ मुद्दा. दर बुधवारी केंद्रात पालकांनाही तासभर बसावे लागते. त्यासाठी वडिलांना (श्री. अरुण हिर्लेकर, स्टोअरकीपर, सेवा एकतीस वर्षे, मेमो एकही नाही) अर्ध्या दिवसाची सवलत हवी होती. ते १० फेब्रुवारीला आपल्या कार्यालयात आले. शशिकलाबाईंनी फॉर्म काढला. मुलगा कुठे दाखल आहे? वडील म्हणाले, दाखल नाही. मग रात्री कुठे झोपतो? घरी. मग आजारी कसा, असे बाईंनी विचारले, आणि हा प्रश्न त्यांनी मनापासून विचारला होता, कुत्सितपणे नव्हे. त्यांच्याविषयी माझी तक्रार नाही. त्या अजूनही मला पाहिले की 'साप्टिया' म्हणून विचारतात, म्हणजे जेवलास का. पूर्वी साध्या आवाजात विचारत, आता सावकाश आणि मोठ्याने विचारतात, एवढेच.

फॉर्ममध्ये दोनच रकाने आहेत. पहिला 'तात्पुरता आजार', त्यापुढे रुग्णालयात दाखल झाल्याची तारीख आणि घरी सोडल्याची तारीख. दुसरा 'कायमस्वरूपी अपंगत्व', त्यापुढे कोणतीही तारीख लागत नाही. रोज घरून जाऊन रोज घरी येणाऱ्या माणसाला पहिल्या रकान्यात रोज एक दाखल आणि रोज एक सुटका दाखवावी लागली असती, म्हणजे बारा आठवड्यांच्या साठ ओळी. त्या रकान्यात तीन ओळी मावतात. प्रकरण आपल्यासमोर आले. आपण चहा मागवलात आणि निर्णय दिलात. मुलगा दाखल नाही, म्हणजे आजार तात्पुरता नाही. तात्पुरता नाही, म्हणजे कायमचा. मी लेथवर मिलिमीटरचा शंभरावा भाग मोजलेला माणूस आहे, पण इतके स्वच्छ कापलेले मी कुठे पाहिले नाही.

७. नंतर आपण लाल पेन उघडून शेरा लिहिलात, त्याखाली 'दि. १२.१.२००९ पासून लागू' असेही लिहिलेत, कारण आपल्याला काम अर्धवट ठेवलेले चालत नाही. ही तारीख कृपया ध्यानात असू द्यावी, पुढे लागेल. मग पत्रक वडिलांपुढे सरकवलेत. वडिलांनी चष्मा काढायला खिशात हात घातला. तेव्हा आपण जे बोललात ते वडिलांनी त्या संध्याकाळी घरी जसेच्या तसे सांगितले, कौतुकाने सांगितले, म्हणून ते माझ्या लक्षात आहे: "अरुणराव, वाचायची गरज नाही. फुली केलीय तिथे सही करा. पोराचं कल्याणच आहे यात."

वडिलांनी चष्मा खिशात ठेवला आणि पेन्सिलच्या फुलीवर सही केली. एकतीस वर्षे ते स्टोअरमधला प्रत्येक बोल्ट वाचून आत घेत आले आहेत. न वाचता घेतलेली त्यांच्या सेवेतली एकमेव वस्तू म्हणजे मी.

८. शुक्रवार, २४ एप्रिल रोजी माझे बारा आठवडे पूर्ण झाले. त्या दिवशी मी सात सांगितला. पुरावा विचारला तेव्हा सांगितले की सकाळी उठलो, दाढी केली, स्टेशनवर इडली खाल्ली, आणि इडली गार होती म्हणून भांडलो. कनकाबाईंनी भांडण विशेष प्रगती म्हणून लिहून घेतले. बाकीच्या सात जणांनी टाळ्या वाजवल्या. सोमवार, २७ एप्रिल रोजी वसाहतीच्या फलकावर कार्यालयाची वार्षिक यादी लागली: 'विशेष देखरेखीखालील रहिवासी'. एकूण नावे तीन. पहिले, निवास ए-९ मधल्या शय्याग्रस्त आजी. दुसरा मी, नावापुढे लाल शेऱ्यासकट. तिसरा, वसाहतीत मोकाट फिरणारा घोडा, ज्याच्या मालकाचा शोध चालू आहे. ज्या शुक्रवारी मी बरा झालो त्याच्या पुढच्याच सोमवारी कार्यालयाने मला कायमचा आजारी जाहीर केले. घोड्याचे नाव मे महिन्यात मालक सापडल्यावर काढले गेले. म्हणजे यादीतून नाव काढण्याची पद्धत अस्तित्वात आहे, हे माझ्या निदर्शनास आले.

९. यादीनंतर पुढील गोष्टी घडल्या. वाचनालयाने कार्ड परत मागितले आणि कारण दिले की तिथे कात्री असते. बॅडमिंटन हॉलची किल्ली माझ्याकडे असे, ती काढून घेतली. माझ्याकडे गणिताला येणारी सहा मुले एका आठवड्यात शून्य झाली. त्यातल्या एकाच्या आईने निरोप पाठवला की गणित चांगले शिकवता हो, पण मुलाला ते लागले तर. गणित की दुसरे काही, ते निरोपात स्पष्ट नव्हते. मी जिन्यावरून उतरताना लोक भिंतीला लागून उभे राहतात, त्यामुळे माझा जिना आता वसाहतीतला सर्वात रुंद आहे. आपण स्वतः ३ मे रोजी कडुलिंबाखाली मला थांबवून, खांद्यावर हात ठेवून, एकेक शब्द सुटा करत म्हणालात: "देवेश, औषध, वेळेवर, घेतोस, ना?" मी त्या वेळी आपल्या स्कूटरचा प्लग साफ करून देत होतो.

१०. मेमधल्या दोन अर्जांनंतर हे सारे मी गिळले असते. परंतु जूनमध्ये ओरगडमला उभ्या राहत असलेल्या एका मोटार कारखान्यात माझी प्रशिक्षणार्थी म्हणून निवड झाली. रुजू होण्याची तारीख ३ ऑगस्ट २००९. मुलाखतीत त्यांनी विचारले, मधले पाच महिने काय केलेत? मी आजार सांगितला, केंद्र सांगितले, आकडेसुद्धा सांगितले. त्या अधिकारी बाई म्हणाल्या, आणि आज? मी म्हणालो, साडेसहा, मुलाखत संपल्यावर वाढेल. त्या हसल्या आणि म्हणाल्या की डॉक्टरांचा दाखला आणि वडिलांच्या कार्यालयाने प्रमाणित केलेला कुटुंब तपशिलाचा उतारा आणा, मग झाले. डॉक्टरांचा दाखला एका दिवसात मिळाला. उताऱ्यावर लाल ओळ आहे. ती ओळ घेऊन मी रंग फवारण्याच्या विभागात गेलो तर मला फाटकावरच परत पाठवतील, आणि त्यांचे चूकही नसेल. मला ही नोकरी हवी आहे. नऊ आठवडे छत पाहिलेल्या माणसाला सकाळी सहाची बस पकडायची आहे, यापेक्षा या अर्जात मोठी मागणी नाही.

११. चार अर्जांचा हिशेब पुढीलप्रमाणे.

पहिल्या अर्जावर उत्तर आले की बरे झाल्याचा दाखला जोडावा. दुसऱ्या अर्जाला तो जोडला. उत्तर आले की अपंगत्व कायमस्वरूपी असल्यामुळे रुग्ण बरा होऊ शकत नाही, सबब दाखला संशयास्पद आहे. आणि फॉर्ममध्ये बरे होण्याचा रकाना नाही. तिसऱ्या अर्जात विनंती केली की रकाना नसल्यास मी पट्टीने आखून देतो. उत्तर आले की अर्जदाराने पालकांसमवेत समक्ष हजर राहावे. आम्ही हजर राहिलो. आपण दौऱ्यावर होतात. दौरा मंडळाच्या सहलीचा होता. चौथ्या अर्जाचे उत्तर २९ जूनला आले, ते वडिलांच्या नावे आले, आणि त्यात एकच वाक्य होते: नोंदीनुसार मानसिकदृष्ट्या अपंग असलेल्या व्यक्तीची सही विधिग्राह्य नसल्याने तिच्या अर्जाचा विचार करता येत नाही.

महोदय, हे वाक्य मी सतरा वेळा वाचले. पहिल्या सोळा वेळा राग आला. सतराव्या वेळी मला १८ जानेवारीचा रविवार आठवला.

१२. त्या रविवारी मंडळाची निवडणूक होती. अध्यक्षपदासाठी आपण उभे होतात आणि आपल्याविरुद्ध श्री. राघोत्तम राव, ज्यांचे घराणे तंजावरात तीनशे वर्षे मराठी बोलत आले आणि ज्यांना आपण मंडळात 'आपले मद्रासी बंधू' म्हणता. निवडणूक अधिकारी कोण, यावर दोन्ही बाजूंचे जमेना. वसाहतीत ज्याचे कोणाशी भांडण नाही असा माणूस शोधायचा होता. तेव्हा आपणच माझे नाव सुचवलेत. आपला युक्तिवाद असा होता की हा मुलगा दोन महिने कोणाशी बोललेला नाही, यापेक्षा निःपक्षपाती माणूस कुठून आणायचा. सर्वांना ते पटले. मला पलंगावरून उठवून, सदरा घालून, समाजमंदिरात खुर्चीवर बसवण्यात आले. पहिल्या तपासणीला तेव्हा सहा दिवस झाले होते.

मते मोजली. आपल्याला एक्केचाळीस, राघोत्तम राव यांना एकोणचाळीस. त्यात तीन मतपत्रिकांवर हरकत होती. एकीवर खूण चौकटीच्या बाहेर होती. दुसरीवर खुणेशेजारी 'नक्की' असे लिहिले होते. तिसरीवर मतदाराने आधी वर श्री काढून मग खूण केली होती. तिन्ही आपल्या बाजूच्या. राघोत्तम राव म्हणाले, बाद करा. मी म्हणालो, मतदाराचा हेतू स्पष्ट आहे, आणि तिन्ही ग्राह्य धरल्या. माझ्या एका सहीने. त्या बाद झाल्या असत्या तर आपल्याला अडतीस राहिली असती. कार्यवृत्त आपल्या हस्ताक्षरात आहे. त्यात आपण लिहिले आहे: 'निवडणूक अधिकारी चि. देवेश यांनी अत्यंत स्थिर बुद्धीने व परिपक्वतेने निर्णय दिला, याबद्दल सभा त्यांचे अभिनंदन करते.' तारीख १८.१.२००९. आपला शेरा १२.१.२००९ पासून लागू आहे.

मंडळाच्या घटनेचे कलम नऊ असे आहे की निवडणूक अधिकारी सज्ञान व स्थिरबुद्धी असला पाहिजे, अन्यथा निवडणूक आपोआप रद्द समजावी. हे कलम आपणच २००३ साली घातलेत, तेव्हाच्या अध्यक्षांच्या मेव्हण्याविरुद्ध.

१३. आता दोन गोष्टींपैकी एक खरी असली पाहिजे. एक तर १८ जानेवारीला माझी बुद्धी स्थिर होती; मग लाल शेरा चुकीचा आहे आणि तो आपण काढावा. किंवा शेरा बरोबर आहे. मग गेले सहा महिने आपण अध्यक्ष नाही. बंगल्याच्या पाटीवर हुद्द्याच्याही वर 'अध्यक्ष' लिहिले आहे ते पुसावे लागेल. यंदा मंडळाचे पंचविसावे वर्ष आहे. २३ ऑगस्टला गणपतीची प्रतिष्ठापना अध्यक्षांच्या हस्ते आहे आणि आपल्या फोटोसह चारशे निमंत्रणपत्रिका छापून आल्या आहेत. त्या फोटोत आपण छान दिसता. राघोत्तम रावांकडे सोवळे तयार असते, त्यांची काळजी नसावी.

प्रथेप्रमाणे मतपत्रिका वर्षभर निवडणूक अधिकाऱ्याकडे राहतात. त्या माझ्याकडे बिस्किटांच्या डब्यात होत्या. 'होत्या' हा शब्द विचारपूर्वक वापरला आहे.

याला धमकी समजू नये. धमकीला हेतू लागतो, हेतूला बुद्धी लागते, आणि ती माझ्याकडे नसल्याचे पत्र आपल्याच जावक वहीत आहे.

१४. आपण काहीच केले नाहीत, तर काय होईल तेही कळवतो. ३ ऑगस्टपासून मी ओरगडमला जात नसेन, तेव्हा माझी सकाळ मोकळी राहील. केंद्राने मला दिनक्रम मोडू नकोस असे बजावले आहे. म्हणून सोमवार ते शुक्रवार, दहा ते एक, बारा आठवडे, मी आपल्या कार्यालयाबाहेरच्या बाकावर येऊन बसेन. यात गणपती, दसरा आणि दिवाळी येतात. आत जाणाऱ्या प्रत्येकाला मी नम्रपणे त्याचा आजचा आकडा विचारीन आणि वहीत लिहीन. लोक सांगतात, महोदय. कोणी विचारत नाही म्हणून सांगत नाहीत. बाहेर येताना पुन्हा विचारीन, म्हणजे आपल्या कार्यालयात माणसाचा सरासरी किती आकडा उतरतो ते महिनाअखेर फलकावर लावता येईल, घोड्याची जागा रिकामी आहेच. आपला आकडा सर्वात शेवटी विचारण्यात येईल. सात किंवा त्याहून जास्त सांगितल्यास पुरावा मागितला जाईल. यावर आपल्याला कारवाई करता येणार नाही, कारण मी तिथे दाखल नसेन. रात्री घरी झोपेन. आपल्या कोणत्याही रकान्यात मी बसणार नाही.

१५. केंद्रात एक तक्ता भरायला शिकवतात. डावीकडे मनात आलेला विचार, मध्ये त्याच्या बाजूचा पुरावा, उजवीकडे विरुद्धचा. मी प्रामाणिकपणे भरला. विचार: केंजळे साहेब माझे वाईट चिंतितात. बाजूचा पुरावा: वरील चौदा परिच्छेद. विरुद्धचा पुरावा: २००४ साली दहावी झाल्यावर साहेबांनी मला पेन दिले (याच पेनने लिहीत आहे), आईला ताप असताना त्यांच्या घरून तीन दिवस डबा आला, १० फेब्रुवारीला वडिलांना त्यांनी चहा दिला. निष्कर्ष: साहेब माझे वाईट चिंतीत नाहीत. साहेबांनी माझा विचारच केलेला नाही. चहा निवायच्या आत उरकायचे होते, ते उरकले. हा निष्कर्ष निघाला त्या दिवशी माझा आकडा सहावरून तीनवर आला. आपण दुष्ट निघाला असतात तर पाचावर थांबला असता.

कनकाबाईंनी तोडगा सांगितला होता की ज्याचा राग येतो त्याला पत्र लिहायचे, सगळे लिहायचे, आणि फाडून टाकायचे. मी आपल्याला अकरा पत्रे लिहून फाडली. राग कमी झाला. नोंद तशीच राहिली. म्हणून हे बारावे आवक क्रमांक टाकून घेत आहे.

१६. शेवटी वडिलांविषयी. पहिले आठ बुधवार त्यांना कनकाबाई आकडा विचारत आणि ते 'ठीक' म्हणत. बाई राघोत्तम रावांसारख्याच तंजावरकडच्या, घरची जुनी मराठी बोलतात. त्या म्हणत, ठीक हा आकडा नव्हे हो. एकदा वडिलांनी विचारले की मुलाला दाखल करून घेतले असते तर लवकर बरा झाला नसता का. बाई म्हणाल्या: "इस्पितळांत निजवून बरें करणें सोपें. घरीं निजवून बरें करणें, तें तुम्ही करतां." नवव्या बुधवारी वडिलांनी चार सांगितला. खुर्चीचा हात घट्ट धरून सांगितला. बाराव्याला सहा. माझ्या एकवीस वर्षांत मला त्यांच्याबद्दल कळलेली ही पहिली माहिती. त्यानंतर घरी रोज संध्याकाळी चहाबरोबर आम्ही तिघे आकडे सांगत असू. आई नेहमी आठ सांगते. तिला पुरावा विचारायची आमची छाती नाही.

२७ एप्रिलला यादी लागली. वडील फलकापुढे चष्मा लावून उभे राहिले आणि स्वतः सही कशावर केली ते त्यांनी पहिल्यांदा वाचले. त्या संध्याकाळी मी विचारले तेव्हा म्हणाले, विचारू नकोस. त्याला आज अकरा आठवडे झाले. ते सप्टेंबरअखेर निवृत्त होत आहेत. आता ते सगळे वाचतात. दुधाची पिशवी वाचतात, बसचे तिकीट दोन्ही बाजूंनी वाचतात. मी बरा झालो आणि ते त्या गादीवर जाऊन पडले, एवढाच फरक. फक्त ते ड्यूटीला जातात म्हणून कोणाच्या लक्षात येत नाही, आणि रात्री घरी झोपतात म्हणून आपल्या लेखी आजारीही नाहीत.

माझी नोकरी गेली तर मी दुसरी शोधीन. पण ती सही त्यांना परत घेता येत नाही. ती फिरवणारी दुसरी सही फक्त आपण करू शकता. तेवढ्यासाठी हा खटाटोप आहे. निमंत्रणपत्रिकांचे पुढे काय करायचे ते आपण बघावे.

आपला, शेऱ्यात दिल्याप्रमाणे आजन्म,
(सही)
देवेश अरुण हिर्लेकर
(सही ग्राह्य नसल्यास निवडणुकीच्या निकालावरील सहीशी ताडून पाहावी.)

आवडी, सोमवार, दि. १३ जुलै २००९

प्रत: श्री. राघोत्तम राव. तूर्त पाठवलेली नाही. पाकिटावर पत्ता घातला आहे, तिकीट लावले आहे, आणि पोस्टाची पेटी आपल्या बंगल्यावरून जाताना लागते.

सोबत:
१) डॉक्टरांचा दाखला, तिसऱ्यांदा.
२) मंडळाच्या कार्यवृत्ताची छायाप्रत. 'स्थिर बुद्धीने' हे शब्द अधोरेखित केले आहेत.
३) आपले पत्र दि. २९ जून, छायाप्रत. त्यात काहीही अधोरेखित केलेले नाही, आवश्यकता भासली नाही.
४) बिस्किटांचा डबा, रिकामा.
५) शेरा चुकीने लिहिला गेल्याचे मान्य करून तो १२.१.२००९ पासूनच रद्द करणारा आणि श्री. अरुण हिर्लेकर यांच्याकडे दिलगिरी व्यक्त करणारा आदेश, टंकलिखित, एक पान. सहीच्या जागी पेन्सिलने फुली केली आहे. वाचायची गरज नाही.